वाढवलेलं दुकान

आमच्या घरात नळ आणि पंखा सोडला तर काहीही बंद होत नसे. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. आईची बांगडी पिचली तर ती फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आणि बाबांचं दुकान तर देवाच्या सामानाचं, त्यामुळे ते रोज संध्याकाळी बाबा वाढवत. शटर खाली ओढायचं, कुलूप लावायचं, कुलपाला लावलेला हात कपाळाला टेकवायचा आणि घरी येऊन चपला काढता काढता आईला सांगायचं, "वाढोलं." लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज दुकान थोडं थोडं मोठं करून येतात. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं तर तेवढंच, आठ फुटांचं.

तोंडातून अशुभ शब्द निघू नये म्हणून केलेली ही सोय. सोय चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण तिच्यापायी दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या घरातल्या तीन माणसांनी एकाच शब्दाचे तीन अर्थ काढले, आणि मी भर वर्गातून उठून अमरावतीहून अकोल्याला पळत सुटले.

दुकान अकोल्यात, जुन्या शहरात, रामाच्या देवळाच्या गल्लीत. हळद, कुंकू, बुक्का, अष्टगंध, जानवी, कापसाची वस्त्रं, खारका, हळकुंडं, समिधा, आरतीची पुस्तकं. गुरुजींनी लिहून दिलेली यादी घेऊन लोक येत. गावातल्या प्रत्येक गुरुजींचं अक्षर बाबांना लागे, आणि काहींचं तर त्यांच्याखेरीज कुणालाच लागत नसे, खुद्द गुरुजींनाही. यादी वाचून बाबा कागदाच्या पुड्या बांधायला घेत. प्रत्येक पुडीची घडी वेगळी. हळदीची तिकोनी, कुंकवाची चौकोनी, बुक्क्याची लांबट, अक्षतांची दोनदा मुडपलेली. पुडीवर नाव लिहायची गरज नसे. पूजेला बसलेले गुरुजी मान वर न करता हातानेच चाचपून हवी ती पुडी उचलत. मला त्या घड्या कधीच जमल्या नाहीत. मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, फळ्यावर मोठमोठ्या रेणूंच्या रचना काढते, पण कुंकवाची पुडी माझ्या हातून आजही सांडते.

एक गोष्ट मात्र मला लहानपणापासून खटकायची. जगाचा सण तो बाबांचा कामाचा दिवस. गौरींना आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात, आणि महालक्ष्म्यांचं दुसऱ्या दिवशीचं जेवण म्हणजे घरातलं वर्षाचं सगळ्यात मोठं कार्य. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची मिळून एक भाजी, कढी, वडे, आणि बोलावलेली न बोलावलेली सगळी माणसं पंगतीला. आमच्याकडे पहिली पंगत बसे तेव्हा बाबा दुकानात असत, कारण ऐन वेळी कुणाची तरी खारीक राहिलेली असे, कुणाचं वस्त्र. ते चार वाजता येत. आई त्यांचं ताट वाढून दुसऱ्या ताटाने झाकून ठेवी. बाबा त्या ताटासमोर एकटे बसून गार पुरणपोळी खात आणि म्हणत, मस्त झाली. महालक्ष्म्यांची आरती, नैवेद्य, पंगत, यातलं काहीही त्यांनी उभ्या जन्मात धड पाहिलं नव्हतं. मला राग येई. बाबांचा नाही, देवाचा. ज्याचं सामान हा माणूस वर्षानुवर्षं विकतो त्याने याला एक दिवस तरी बसवून ऊन ऊन जेवू घालावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

मग पूजा फोनवरून यायला लागली. खोक्यात सगळं सामान, प्लास्टिकच्या चिकटवलेल्या पिशव्या, त्यांवर छापलेली नावं, सोबत आधी काय मग काय याचा कागद. सुरुवातीला बाबा हसले. पिशवीतलं कुंकू बोटाला लागत नाही म्हणाले. नंतर याद्या घेऊन येणारे लोक कमी झाले आणि हसणंही कमी झालं. तरी मी लोकांना बोल लावणार नाही. सकाळी नऊला घर सोडणाऱ्या बाईने जुन्या शहरात गाडी लावायला जागा शोधत फिरावं की घरबसल्या खोकं मागवावं, याचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे.

गंमत पुढेच होती. खोक्यावर देवाचं रंगीत चित्र छापलेलं असे. पूजा झाली, सामान संपलं, आता रिकामं खोकं टाकायचं कुठे? देवाचा फोटो घंटागाडीत कसा टाकणार? एक बाई ते खोकं घेऊन बाबांकडेच आल्या.

"काका, याच्यावर देव हाये. कचऱ्यात कसं टाकू? तुमच्याकडे ठिवता काय?"

बाबांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांची जाऊ आली. मग गल्लीत, मग मागच्या वस्तीत, सगळ्यांना ठाऊक झालं की काका खोकी घेतात. बाबा चिडत. "पूजा त्यायच्याकडून अन खोके माह्याकडे," असं आम्हाला फोनवर ऐकवत. पण दारात आलेल्या देवाच्या चित्राला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. ते खोकी फळीवर रचून ठेवत, सवड मिळाली की कात्रीने चित्र तेवढं कापून काढत, गणपतीच्या विसर्जनात सोडायला वेगळं ठेवत आणि उरलेला पुठ्ठा रद्दीत देत. सवड मात्र आता भरपूर मिळायला लागली होती.

आता माझं पाप सांगते. त्या श्रावणाच्या आदल्या आश्विनात मी अमरावतीच्या घरी सत्यनारायण केला. दरवेळी सामान बाबांकडून यायचं. या वेळी क्लासच्या परीक्षा होत्या, अकोल्याला जाणं झालं नाही, आणि मी फोनवर बोट दाबलं. सकाळी मागवलं, संध्याकाळी दारात. पूजा उत्तम झाली. खोकं दणकट होतं म्हणून मी ते माळ्यावर ठेवलं, आणि दिवाळीला त्याच खोक्यात फराळ भरून ओळखीच्या एका माणसाबरोबर अकोल्याला पाठवला. आत चिवड्याचा डबा, करंज्या, अनारसे, आणि बाहेर देव, त्याच्याखाली माझं नाव आणि पत्ता छापलेली, खोकं आलं तेव्हाचीच चिठ्ठी. इतकी शिकलेली बाई मी.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "फराय भेटला. चिवडा चांगला झाला." मग थोडं थांबून म्हणाले, "खोकं बी भेटलं."

आम्ही दोघांनी मिळून विषय थंडीवर नेला.

आम्हा भावंडांना खरी काळजी वेगळीच होती. बाबांचे गुडघे गेले होते, शटर ओढताना ते कण्हत. भाऊ पुण्याला असतो, आम्ही दोघांनी वर्षभर त्यांच्यामागे लकडा लावला होता की आता पुरे करा. दुकानाचा गाळा आमचा स्वतःचा, भाड्याने दिला तरी आईबाबांचं नीट चाललं असतं. पण मग शेजारचे कासारकाका गेले. त्यांचं बांगड्यांचं दुकान बाबांच्या दुकानाला लागून होतं. मुलांनी सांगितलं म्हणून त्यांनी दुकान वाढवलं आणि घरी बसले. आजार म्हणावा असा काही नव्हता, तरी चार महिन्यांत आटोपले. गल्लीतली माणसं म्हणायला लागली की म्हाताऱ्याला दुकानच जगवून राहिलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप घातलं. दुकान चालो न चालो, त्याचं शटर रोज वर गेलं पाहिजे, नाहीतर आपले बाबा जातील, असं माझ्या मनाने घट्ट धरलं.

अशात त्या श्रावणातल्या गुरुवारी, दुपारी अडीच वाजता, मी वर्गात असताना बाबांचा फोन आला. ते वर्गाच्या वेळी कधीच फोन करत नाहीत.

"दुकान वाढोलं," ते म्हणाले.

"आत्ता? दुपारी?"

"हाव. वाढोलं. शिकव तू." आणि फोन ठेवला.

मी परत लावला, उचलला नाही. पोळा दहा दिवसांवर, त्याच्या पाठोपाठ गणपती, महालक्ष्म्या. या दिवसांत पूजेच्या सामानाचा दुकानदार अंगात ताप असला तरी शटर खाली घेत नाही. मी आईला फोन केला. तिलाही त्यांनी एवढंच सांगितलं होतं, पण ती शांत होती. "जेवासाठी वाढोलं असन. सकायी गुडघा दुखून रायला होता त्यायचा."

"मग आले काय जेवाले?"

"नाई आले वं अजून," आई म्हणाली, आणि तिचाही आवाज बदलला.

मी वर्ग दुसऱ्या सरांच्या गळ्यात घातला, ऑटोने एसटी स्टँड गाठलं आणि अकोल्याची बस धरली. बडनेरा येईस्तोवर भावाचा फोन आला. तो पुण्याहून ओरडतच होता.

"बाबांना काही कळतं का? या वयात दुकान वाढवलं म्हणे. कासारकाकांचा गाळा घेतला असणार. त्याचा मालक केव्हापासून मागे लागलाच होता."

वीस वर्षं पुण्यात काढून हा वाढवणं म्हणजे खरोखरच वाढवणं समजायला लागला होता. मी त्याला म्हटलं, अरे, घरी बाबा रोज काय म्हणायचे ते आठव. त्याचं ओरडणं थांबलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे कासारकाकांसारखं?" मी फोन ठेवून दिला, कारण मला बसमध्ये रडायचं नव्हतं.

देवाशी माझं फारसं बोलणं नसतं. त्या दिवशी मूर्तिजापूर ते अकोला मी एकटीच बोलत होते. बाबा धड असू देत, मी जन्मात पुन्हा फोनवरून पूजा मागवणार नाही. एवढ्यावर तो राजी होईलसं वाटेना, म्हणून पुढे जोडलं की येत्या महालक्ष्म्यांना सोळाच्या सोळा भाज्या मी एकटी निवडीन, वहिनीला हात लावू देणार नाही. हा नवस किती मोठा आहे ते ज्याने अळू, अंबाडी आणि तांदुळका एका बैठकीत निवडलाय त्यालाच कळेल.

गल्लीत पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. शटर खाली होतं. कुलूप होतं, आणि कुलपाला झेंडूचा हार घातलेला होता. हार पाहिला आणि मला गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तो हार आठवला. दुकानासमोर एक फुलवाली मावशी बसते, मी शाळेत होते तेव्हापासून बसते. तिने माझा चेहरा पाहिला आणि लगेच हात हलवला.

"मीच देल्ला तो हार. तुया बाबानंच मांगतला. देवयात बसले हायेत ते, आरतीले."

"कोण? बाबा?"

"हाव ना. मले बी नवल वाटलं."

मी देवळात गेले. आरती सुरू झाली होती. बाबा सभामंडपात खाली बसले होते, दुखरा पाय लांब केलेला, मांडीवर आरतीचं पुस्तक. त्यांच्याच दुकानातलं, कव्हरवरून मी ओळखलं. अशी पुस्तकं त्यांनी गठ्ठ्यांनी विकली असतील, पण आरती काही त्यांना पाठ नव्हती. पहिलं कडवं आलं, ते सगळ्यांनाच येतं. दुसऱ्यापासून ते ओळीवर बोट ठेवून चालले होते आणि जरा मागे पडत होते. टाळीही मागे पडत होती. सगळ्यांची वाजून झाली की त्यांची एक वाजायची. शेजारचे आजोबा त्यांच्याकडे वळून पाहायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं.

मी खांबाला टेकून रडले. जीव भांड्यात पडला होता आणि संतापही आला होता, दोन्ही एकदम.

आरती संपल्यावर त्यांनी मला पाहिलं. "तू काहून आली?"

"तुमी काय म्हटलं मले फोनवर?"

"म्हटलं ना, वाढोलं."

"कायमचं?"

"हाव."

"मग बंद केलं म्हणा ना सरळ."

बाबांनी एकदा रामाच्या मूर्तीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "देवापुढं बसून कसं बोलतं वं माय," म्हणाले, आणि माझ्या हातावर प्रसादाची साखर ठेवली.

घरी जाताना ते हळूहळू चालत होते आणि मधेमधे थांबून सांगत होते. "मले लय भेव वाटे. देवाचं दुकान, ते वाढोलं त देव कोपन. अन त्या कासाराचं बी पायलं होतं. म्हनून बसून रायलो. आज दुपारी एक जन खोकं घेऊन आला. ठिवाले जागाच नाई. जागा करासाठी म्या हळदीची बरनी फळीवरून खाली घेतली. अन ते बरनी हातात धरून तसाच उभा रायलो. म्हटलं, दुसऱ्याच्या रिकाम्या खोक्यासाठी आपन हळद उतरोतो. मंग कायले बसाव इथं?"

"मग?"

"मंग काई नाई. शटर ओढलं. दरवेळी कुलपाले हात लावतो, आज म्हटलं हार घालाव, लय वर्षं सांभायलं त्यानं. तुमाले सगळ्याले फोन केले. अन समोर पायलं त देऊळ." ते जरा हसले. "इतके वर्षं शेजारी हावो आमी, पन बसनं कधी झालंच नाई. आत जायचं, हात जोडाचे, की मागून हाक आलीच, काका, उदबत्ती द्या. देव विकला बावा जलमभर. भेटलो आज."

घरी आईने दार उघडलं, आम्हा दोघांना पाहिलं आणि काही न विचारता कुकर लावला. भाताची पहिली वाफ निघाल्यावर ती म्हणाली, "कायमचं वाढोलं न? बरं झालं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान आवरायला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी सांगितलं होतं ते खरंच होतं. फळ्यांवर माल थोडा आणि खोकी जास्त होती, प्रत्येकावर कुठला ना कुठला देव. मी एकेक खाली घेत होते, बाबा स्टुलावर बसून चित्रं कापत होते. मागच्या फळीच्या कोपऱ्यात एक खोकं सापडलं, त्याच्या तळाला चिवड्याच्या तेलाचा डाग होता. मी ते हातात घेऊन उलटं केलं. चिठ्ठी जागेवर होती. तिच्यावरचं माझं नाव मात्र निळ्या पेनाने खोडलेलं होतं, एकदा आडवं, एकदा उभं, पुन्हा आडवं, कुणी उजेडात धरून पाहिलं तरी वाचता येऊ नये असं. पूजेच्या दुकानदाराच्या पोरीनेच खोकं मागवलं, हे गल्लीत कुणाला कळू नये म्हणून. दिवाळीपासून त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं, आणि कधी सांगितलंही नसतं. मला लाजही वाटली आणि त्यांच्यावर मायाही आली. ते खोकं मी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी डागाकडे पाहिलं, चित्र कापून घेतलं आणि पुठ्ठा इतर पुठ्ठ्यांवर टाकला.

"खोकं मजबूत होतं पन," एवढं मात्र म्हणाले.

माल त्यांनी मोठ्या बाजारातल्या एका दुकानदाराला दिला, घरापुरतं थोडं ठेवलं. आरतीची पुस्तकं देवळात दिली. गाळा एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने भाड्याने घेतला, आणि हे सांगताना बाबांना अजूनही हसू येतं. ज्या फोनने दुकान नेलं तो आता त्याच दुकानात दुरुस्तीला येतो.

माझी भीती काही एवढ्याने जाणारी नव्हती. मी रोज संध्याकाळी फोन करायची, आणि बाबा काय करतायत हे विचारताना खरं तर आवाज ऐकायची. खोल गेलाय का, थकलाय का. "देवयात चाललो," ते सांगायचे. कधी "आरतीचं तिसरं कडवं आलं मले." पोळ्याला ते बैल पाहायला गेले, आणि बैल कमी आणि फोटो काढणारेच जास्त होते म्हणून परत आले. फोन ठेवल्यावर मी दिवस मोजायची. कासारकाकांचेही पहिले दिवस चांगलेच गेले होते.

महालक्ष्म्या आल्या. भाऊ पुण्याहून सगळ्यांना घेऊन आला. सोळाच्या सोळा भाज्या मी एकटीने निवडल्या, वहिनीला हात लावू दिला नाही. तिला वाटलं मी रुसले आहे, आणि नवसाचं सांगायची सोय नव्हती. जेवणाच्या दिवशी बाराच्या सुमारास आरती झाली. बाबांनी खिशातलं पुस्तक बाहेर काढलं नाही. दोन ठिकाणी अडखळले, पण टाळी बरोबर होती.

पहिल्या पंगतीची ताटं मांडली. भावाने बाबांचा हात धरून त्यांना महालक्ष्म्यांच्या अगदी समोर बसवलं, दुखऱ्या पायाखाली उशी देऊन. मी मिठाची वाटी घेऊन वाढायला निघाले. आणि दारात कुणीतरी आलं.

मागच्या गल्लीतली एक बाई होती, नवी सून, घामाघूम झालेली. "काका, खोक्यात वस्त्रच नाई निंगालं. आमच्या महालक्ष्म्या तशाच उभ्या हायेत. एक जोड भेटन काय?"

बाबांचा हात गुडघ्यावर गेला. तो हात मला ठाऊक होता. लहानपणापासून प्रत्येक सणाला ते असाच हात टेकून उठत आणि निघून जात. पंगतीत सगळे थांबले. भावाने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, आणि तिने सवयीने झाकायला म्हणून एक रिकामं ताट हातात घेतलेलं होतं. मला वाटलं, झालं. आता उठतील, आणि दुकान गेलं तरी आपलं दुकान काही सुटायचं नाही.

"दुकान त वाढोलं माय," बाबा त्या बाईला म्हणाले. तिचं तोंड उतरलं. मग त्यांनी आईकडे मान वळवली. "आपल्या डब्यात एक जोड जास्तीचं हाये. ते दे तिले." आणि पुन्हा त्या बाईला, "पूजा झाली की जेवाले येजो इथंच."

आईने डावा हात लांबवून मांडणीवरचा डबा काढला, जोड दिला. ती बाई धावत गेली. बाबांचा हात अजून गुडघ्यावरच होता. मग त्यांनी तो उचलला, ताट जरासं जवळ ओढलं आणि वर माझ्याकडे पाहिलं. मी मिठाची वाटी घेऊन तशीच उभी होते.

"तू काहून थांबली?" ते म्हणाले. "वाढ वं माय."

मी वाढलं. आईने हातातलं रिकामं ताट परत मांडणीवर ठेवलं.